कठड्यापाशी

धाकटीला गर्दीची भीती वाटते, असं कुणी सांगितलं असतं तर लोक हसले असते. साहजिकच आहे. गाण्याचा कार्यक्रम संध्याकाळी असला तरी जी बाई पहाटे जाऊन मैदानाच्या फाटकाशी घडीचं स्टूल मांडते, मधेच उठावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीसुद्धा घोटघोटच पिते, आणि फाटक उघडलं रे उघडलं की रंगमंचापुढच्या लोखंडी कठड्याला जाऊन चिकटते, तिला कसली आलीय गर्दीची भीती? रांगेतल्या नेहमीच्या मंडळींनी तर तिचं नावच ‘एक नंबर’ पाडलं होतं. ती ज्या लाँड्रीत इस्त्री करायची, तिथला मालक सुट्टी देताना दर वेळी म्हणायचा, "बाई, तुमच्या वयाची माणसं गुडघ्यांच्या डॉक्टरकडे रांग लावतात."

हातातली इस्त्री न थांबवता ती म्हणायची, "तिथेही लावते. पण तिथे गाणं नसतं."

घरात तिला धाकटी म्हणत, आणि पन्नाशी दिसायला लागली तरी ती धाकटीच राहिली होती. म्हणणारी आता एकच उरली होती, तिची ताई. भीतीचं मूळ माहीत असलेलीही तीच. लहानपणी दोघी बहिणी सर्कशीला गेल्या होत्या. खेळ संपला, सगळा तंबू एकाच दाराकडे निघाला आणि दारात माणसांचं बूच बसलं. ताईच्या हातातून धाकटीचा हात सुटला. धाकटीच्या समोर पाठी, बाजूला पाठी, कुणाचा तरी लोकरीचा कोट तिच्या तोंडात गेलेला आणि कपाळाला पट्ट्याचं बक्कल रुतलेलं. तसं पाहिलं तर काही झालं नाही. बूच सुटलं, ताईने तिला शोधून काढलं, दोघी घरी आल्या. पण त्या दिवसानंतर ताई गर्दीत गेली म्हणून नाही. तिने लग्नसुद्धा चार माणसांत केलं. धाकटीचं वेगळं. तिला गाण्यावाचून चैन पडत नसे. लाँड्रीत वाफेच्या फुसफुशीत दिवसभर रेडिओ चालायचा, आणि त्यातल्या एका गायिकेचा आवाज एकदा तरी समोर उभं राहून ऐकावा, असं तिच्या मनात येई. मग तिने एक युक्ती काढली. गर्दीत जायचंच असेल तर सगळ्यांत आधी जायचं. समोर लोखंड, लोखंडापलीकडे मोकळी जागा, मग रंगमंच. तोंडासमोर कुणाची पाठ म्हणून नाही. मागे काय असेल ते असो, तिकडे बघायचंच नाही.

आणि तिने कधी बघितलंही नाही. इतके कार्यक्रम झाले, पण ही बाई एकदाही मागे वळली नव्हती. पुढे असलं की काही होत नाही, ही तिची खात्री. चुकीची होती, पण आजवर कुणी तिला तसं म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. आपलं चुकलं हे शब्द तिच्या तोंडून मालकाने ऐकले नव्हते, ताईनेही नाहीत.

"मी घरात बसून घाबरते आणि तू रांगेत उभी राहून घाबरतेस," ताई म्हणायची. "तिकीट तेवढं तुला पडतं."

तर या वेळी प्रश्न ताईच्या मुलीचा होता. चौदा वर्षांची पोर. अंगाने काडी आणि हट्टाने आईच्या वरताण. रेडिओतल्या त्याच गायिकेचा कार्यक्रम गावच्या मोठ्या मैदानावर ठरला आणि मुलीने मावशीबरोबर जायचा धोशा लावला. ताईने आठवडाभर नन्नाचा पाढा वाचला. शेवटी धाकटी स्वतः गेली.

"पुढे असलं की काही होत नाही, ताई. तुला माहितेय मी कुठे उभी राहते ते."

"तुझा हात माझ्या हातातून सुटला होता," ताई भाजी चिरता चिरता, मान वर न करता म्हणाली. "हिचा तुझ्या हातातून सुटला तर?"

"हात सुटायला तो धरावा लागतो. तिथे आपण कठडा धरतो. लोखंड सुटत नाही."

ताईने सुरी खाली ठेवली. "माझी एकुलती एक आहे, धाकटे."

"मलाही दुसरी कुठे आहे?" धाकटी म्हणाली. तेवढ्यावर परवानगी मिळाली.

त्या दिवशी दोघी फाटकाशी पोचल्या तेव्हा रस्त्यावरचे दिवे अजून विझले नव्हते. आणि तरी त्यांच्या आधी माणसं होती! एक नंबरची बाई, आणि पुढे दहाबारा डोकी. त्यातला नळदुरुस्ती करणारा दांडगा गृहस्थ तिच्या ओळखीचा होता. रांगेत सगळे त्याला नळवाले म्हणत. तो घोंगडीतून मान काढून हसला. "काय एक नंबर, आज तेरा नंबर?"

"तुम्ही काय रात्रभर इथेच गळत होतात?"

"अहो, शेवटचा दौरा आहे म्हणतात बाईंचा. दुपारपर्यंत बघा, रांग नदीपर्यंत जाईल."

दुपारपर्यंत रांगेचं शेपूट खरंच दिसेनासं झालं. पोर एकदा टाचा उंचावून मागे बघायला गेली, तर धाकटीने तिला दंडाला धरून बसवलं. "मागे बघायचं नाही. मागचं मागे." मग तिने भाचीला सगळं नीट समजावलं. फाटक उघडलं की पळायचं नाही, रखवालदार अडवतो. पळल्यासारखं चालायचं. पिशवी पोटावर. कठडा गाठला की दोन्ही हातांनी धरायचा. "आणि काहीही झालं तरी सोडायचा नाही. हात वर केलास की मधे कुणीतरी शिरलंच म्हणून समज. समजलं?"

"काहीही झालं तरी नाही," पोर म्हणाली. ती शब्दाची पक्की ठरली. दुर्दैव बघा, नेमकी त्याच दिवशी.

फाटक उघडलं. दोघी पळल्यासारख्या चालल्या आणि कठडा मिळाला, अगदी मधला. छातीएवढा उंच, गार, जाड नळीचा. धाकटीने त्यावर हात ठेवले आणि नेहमीसारखा सुस्कारा सोडला. भाची डाव्या हाताला. नळवाले दोघींच्या मागे, जुन्या कपाटासारखे. समोर मोकळ्या पट्टीत एक आडदांड रखवालदार, कानात पिवळे बोळे घालून लोकांकडे तोंड करून उभा. सगळं जसं हवं तसं.

मग मैदान भरत गेलं. धाकटी बघत नव्हती, पण पाठीला कळत होतं. आधी नळवाल्यांची पिशवी लागली, मग त्यांचा कोपर, मग ते स्वतःच. "माफ करा हो," ते म्हणाले, "मी नाही, मागचे." ती म्हणाली, "असू दे." थोड्या वेळाने ते पुन्हा तेच म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली गंमत गेली होती. बाजूचं दुसरं फाटक उशिरा उघडलं होतं. बाहेर ताटकळलेली माणसं वाद्यांचा पहिला ठोका ऐकून एकदम आत आली होती आणि मैदानभरच्या गर्दीला मागून रेटत होती. हे पुढच्यांना कोण सांगणार? पुढच्यांना फक्त तो रेटा मिळाला.

गायिका आली. दिवे उजळले, आरोळी उठली, आणि धाकटीच्या बरगड्या कठड्यावर आपटल्या. त्या दर वेळी थोड्या आपटत. लाट येते, परत जाते. ही आली आणि परत गेलीच नाही. तिने श्वास सोडला तेवढी जागा गर्दीने घेतली, आणि पुढचा श्वास घ्यायला जागाच उरली नाही. इतकी वर्षं जे लोखंड तिचा आधार होतं, ते आता तिच्या छातीवर होतं. मागची माणसं निदान पुढच्या माणसावर दाबली जात होती, माणूस थोडा तरी देतो. तिच्यापुढे न देणारी वस्तू होती, आणि ती तिने स्वतः पहाटे उठून निवडली होती. सर्कशीच्या दारातला लोकरीचा वास तिच्या नाकात आला. तेव्हा कुठे तिने डावीकडे पाहिलं.

भाची रडत नव्हती. तेच वाईट होतं. तोंड उघडं, ओठ राखेसारखे, डोळे समोर कुठेतरी. कठडा तिच्या गळ्याच्या जरा खाली येत होता. आणि दोन्ही हात नळीवर, बोटांची पेरं पांढरी पडलेली.

"हात वर कर!" धाकटी ओरडली.

पोरीने मान हलवली. नाही.

"अगं हात वर कर! तो उचलेल तुला!"

"तूच..." पोरीचा आवाज नव्हताच, नुसते ओठ हलले. "तूच म्हणालीस."

रखवालदार दोन हातांवर होता, पण तो दुसऱ्याच कुणालातरी ओढत होता. कानात बोळे. त्याला दिसत होते ते वर आलेले हात. वर न आलेला हात त्याला कसा दिसणार?

मग धाकटीने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. कठडा सोडला. खांदा आत घातला, कोपराने नळवाल्यांच्या पोटात जागा केली, अंगावरचा सदरा टरकावला आणि पाठ लोखंडाला लावून ती मागे वळली.

समोर तोंडंच तोंडं. मैदानाच्या टोकापर्यंत. तिला वाटलं होतं मागे काहीतरी एक आहे, एकच, मोठं, डोळे नसलेलं. होती ती माणसं. नळवाल्यांच्या तोंडावर घाम, डोळे विस्फारलेले. त्यांच्यामागे एक बाई दुसऱ्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून हवा शोधत होती. यांतलं कुणीही ढकलत नव्हतं, आणि कुणालाही थांबता येत नव्हतं. दुष्ट माणसाला शिवी देता येते. इथे शिवी कुणाला द्यायची?

"नळवाले, मागे रेटा!"

"कसं रेटू बाई! माझेच पाय जमिनीवर नाहीत!"

तिने भाचीला आपल्या दोन हातांमधे ओढलं, हात ताठ करून तळवे नळवाल्यांच्या छातीवर रोवले आणि कोपरं अडकवली. जाड चादरींच्या घड्यांवर आयुष्यभर इस्त्री दाबलेले हात होते ते. थरथरले, पण लगेच मोडले नाहीत. पोरीपुढे पसाभर हवा झाली. फार वेळ राहणार नव्हती.

"माझं चुकलं!" ती भाचीच्या कानाशी ओरडली. "ऐकतेस का? मावशीचं चुकलं! पुढे असलं तरी होतं! हात वर कर!"

पोरीने तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही हात वर गेले, एखाद्या लहान मुलाने कडेवर घे म्हणावं तसे.

पिवळे बोळे घातलेलं डोकं धाकटीच्या खांद्यावरून पुढे आलं. दोन जाड हातांनी पोरीला काखेत धरून वर ओढलं. तिचा बूट धाकटीच्या गालाला घासून गेला, आणि ती कठड्यापलीकडे गेली. रिकाम्या झालेल्या जागेत नळवाले कोसळले. धाकटीची कोपरं दुमडली. समोर तोंडंच तोंडं, आणि मग त्यांच्या कडा काळ्या होऊ लागल्या.

तेवढ्यात गाणं थांबलं. रंगमंचावरून कुणीतरी सांगत होतं, मागे सरका, सगळे एक पाऊल मागे. इतका वेळ वाद्यांखाली दडलेलं जे होतं, ते आता ऐकू आलं. कण्हणं. मैदानभर, हलकं, एका सुरात नसलेलं. धाकटी नंतर म्हणायची, बरगडीचं दुखणं गेलं, तो आवाज गेला नाही.

तिला कुणीतरी मागच्या मागे, कपड्यांच्या गाठोड्यासारखं, कठड्यावरून ओढून घेतलं.

प्रथमोपचाराच्या तंबूत भाची प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. खांद्यावर पांढरी चादर, हातात पाण्याचा पेला. तो दातांवर वाजत होता. परिचारिकेने धाकटीच्या बरगड्या चाचपल्या. एक बहुतेक गेली होती. पलीकडच्या खाटेवर नळवाले पडले होते, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून. धाकटीला बघून त्यांनी एक बोट वर केलं. एक नंबर. तिला हसू आलं नाही.

"बाजूच्या दाराने जाऊ का आम्ही?" तिने विचारलं.

"आत्ता नको," परिचारिका म्हणाली. "आता सगळे एकदमच निघतील."

सगळे एकदम, एकाच दाराकडे. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि खुर्च्या आणखी आत, तंबूच्या भिंतीला लावून घेतल्या. भाचीने मावशीचा हात धरला होता. धाकटीने तो आणखी घट्ट धरला.

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. ताई.

"आईला नको ना सांगूस," पोर कुजबुजली. "ती परत कधीच सोडणार नाही."

धाकटीने फोन कानाला लावला.

"बातम्यांत काहीतरी दाखवतायत," ताईचा आवाज पातळ झाला होता. "तुम्ही पुढे आहात ना? पुढेच आहात ना गं?"

धाकटीने बाहेर पाहिलं. तंबूच्या फटीतून मैदान दिसत होतं. मधोमध, जिथे त्या दोघी उभ्या होत्या तिथे, कठडा रंगमंचाच्या बाजूला वाकला होता.

"नाही, ताई," ती म्हणाली. "ती माझ्याजवळ आहे, बोलतेय, पाणी पितेय. हात धरलाय मी तिचा. पण पुढे नाही आहोत आम्ही. ऐकतेस ना? मी तुला चुकीचं सांगितलं होतं."

पलीकडे बातम्यांचा आवाज बंद झाला. मग ताई म्हणाली, "सगळे जाईपर्यंत उठू नका."

"नाही उठत."

"आणि फोन ठेवू नको."

तिने ठेवला नाही. बाहेर हजारो पावलं दाराकडे सरकायला लागली होती. दोघी बहिणी, एक तंबूत आणि एक घरात, ती पावलं ऐकत राहिल्या.