मडक्यातली वाळू

सन एकोणीसशे त्रेचाळीस. मी बावीस वर्षांचा होतो. शाळा दुसरीतच सुटलेली, लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि आमच्या शिराळा पेट्यात, म्हणजे आजच्या तालुक्यात, नाग धरणाऱ्यांत माझं नाव पुढं असायचं. फुशारकी नव्हे, होतं तसं लिहितो.

तेव्हा आमच्याकडं पंचमीच्या आधी नाग धरायचे, मडक्यात ठेवायचे, पंचमीला पुजायचे, मिरवायचे आणि ज्या बांधातून काढला त्याच बांधात परत सोडायचे. आता कायद्यानं ते बंद आहे. नागाचे दात पाडायचे नाहीत, अंगाला ओरखडा येऊ द्यायचा नाही, ही शिस्त. मडक्यात नाग मेला तर आमच्या भावकीत त्या घरानं पुन्हा नागाला हात लावायचा नाही.

त्या वर्षीचा नाग मी आमच्या वरच्या बांधातून काढला. तीन हात लांब, गव्हाळ. माझ्या बायकोला सख्खा भाऊ नव्हता. पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास धरतात, तो ती नागाला भाऊ मानून धरायची. मडकं शिंक्यात टांगलं तेव्हाच तिनं बजावलं, "आवं, माझा भाऊ हाय ह्यो. जपा."

मडक्याच्या तळाला सगळे माती घालत. आदल्या साली माती ओल धरून बसली आणि आमच्या नागाचे पोटाखालचे खवले खराब झाले. म्हणून मी ठरवलं, यंदा वाळू. ज्यांनी मला नाग धरायला शिकवलं ते माझे चुलते म्हणाले, "मातीच घाल, तव्यावर भाजून."

"वाळूच घालणार, काका."

एकदा तोंडातून गेलं म्हणजे संपलं.

पण वाळू आणायची कुठली? वारणा नदी तर पुरानं मळ्यात शिरलेली. गावात नव्या चावडीचं काम निघालं होतं. तिथं छपराखाली वाळूचा ढीग होता, कोरडा, बारीक, पांढरा. पांढरं म्हणजे स्वच्छ, असं मी धरून चाललो. गवंडी जेवायला गेलेला. पाटी भरली आणि आणली. कुणाला विचारलं नाही. विचारायची मला सवयच नव्हती. घरी चाळून चार बोटं थर मडक्यात दिला आणि उरलेली न्हाणीपाशी ठेवली.

दोन दिवस गेले. पंचमी तीन दिवसांवर आली. दुपारी बायको शिंक्याखाली उभी राहून म्हणाली, "फुसकारत न्हाई ह्यो."

"झोपला असंल."

"काल बी झोपलाच व्हता का?"

मी मडकं उतरवून तोंडाला बांधलेल्या फडक्याची कड उचलली. नागानं फणा काढला नाही. तो तोंड मडक्याच्या भिंतीला घासत होता, घासत होता, आणि ओठांच्या कडेला पांढरं किटण बसलं होतं. तरी मी म्हणालो, "काय न्हाई झालं."

तिनं हात पुढं केले. बोटांची सालं निघालेली, लालभडक. "सकाळी तुमच्या त्या वाळूनं भांडी घासली. तवापास्नं आग व्हतीया." आणि मला न विचारता ती काकांना बोलवायला गेली.

काकांनी मडक्यात पाहिलं. "वाळू कुठली रं?"

"वारणेची."

"वारणेची? मग बुडी मारून आणलीस व्हय? लय दमाचा गडी." त्यांनी न्हाणीपासली चिमूट उचलून माझ्यापुढं धरली. "जिभेवर घे."

"काका—"

"त्यो दोन दिस खातोय. तू चिमूटभर घे."

बायको बघत होती. मी घेतली. थुंकी लागली तशी जीभ चरचरली. चुना. गवंड्यानं गिलाव्यासाठी कोरडा चुना मिसळून ठेवलेली वाळू मी नागाखाली अंथरली होती.

नाग अंगणात काढला. काकांनी काठीनं डोकं दाबून धरलं, शेपूट माझ्या हातात, आणि बायको तांब्यानं पाण्याची बारीक धार धरत होती. "तोंडाकडं," काका म्हणत. "अजून. हात हलू दिऊ नगं पोरी." तिच्या बोटांत आणि त्याच्या दातांत वीतभर अंतर असेल. काकांनी मोरपिसाच्या टोकानं ओठांतले खडे एकेक काढले. एवढं करूनही नाग फुसकारला नाही. मला तो चावायला आला असता तर बरं वाटलं असतं.

"आता माती भाज," काका म्हणाले.

"वाळूच घालणार."

काका बघतच राहिले. पण चूक वाळूची नव्हती, निवडणाऱ्याची होती. आजही मी हेच म्हणतो. मी भडभुंज्याकडं गेलो. पंचमीच्या लाह्यांची घाई, त्याच्या दोन्ही भट्ट्या पेटलेल्या. एकीत फुटाणे, दुसरीत लाह्या. जन्मात पहिल्यांदा मी विचारलं, "भाऊ, नागाखाली घालाय वाळू पायजे. कुठली बरी?"

"फुटाण्याची नगं, तिच्यात मीठ असतंया. लाह्यांची ने. नदीची हाय, वर्षभर भाजून चाळलीया." मग हसून म्हणाला, "पर गार करून घाल गड्या, न्हाईतर नागाच्याच लाह्या व्हतील."

मी दोन्ही जिभेवर घेऊन पाहिल्या. एक खारट लागली. दुसरीला चवच नव्हती. दाणे गोल, धूळ नाही, टोचणं नाही. तीच घेतली. सुपात पसरून गार झाल्यावर बायकोनं मनगटाची आतली बाजू तिच्यावर टेकवून पाहिली, मगच मडक्यात घालू दिली. दिवेलागणीपर्यंत ती मडक्याला कान लावून बसली होती. आत काही वाजलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "मिरवणुकीचा दणका सोसंल का ह्याला?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी फडकं उचललं. नागानं हळूच मान वर केली, अर्धा फणा काढला आणि एकदा फुसकारला. बायकोनं तोंडावर पदर घेतला. मी मडकं उचललं आणि पंचमीची वाट न बघता वरच्या बांधावर नेलं. ती मागून दूध-लाह्या घेऊन आली. मी मडकं आडवं केलं तसा नाग वाळूवरून उतरला, थांबला आणि बिळात गेला. शेपूट दिसेनाशी होईपर्यंत ती हात जोडून उभी होती. मडक्यातली वाळू मी तिथंच बिळाच्या तोंडाशी ओतली. पंचमीआधीच रिकामं झालेलं मडकं कुणाला दिसू नये, अशी गावाबाहेरून घरी जायला वाट होती. मी रिकामं मडकं डोक्यावर घेतलं आणि मधल्या आळीनं, काकांच्या दारावरून, घरी आलो.