हात दिसेल असं पाणी

दादासोंना शाल नको होती. फेटाही नको होता, नारळ तर मुळीच नको. "नारळ घिऊन काय करू? शेवंताचा हात दुखतोय, खवणार कोण?" असं ते म्हणाले आणि सत्काराचं विचारायला गेलेले आम्ही सगळे हसलो. मग त्यांनी जे मागितलं त्यावर मात्र कोणी हसलं नाही.

"मला एकदा हात दिसंल असल्या पाण्यात न्या."

दादासो पाणीपुरवठ्यात चावीवाले होते. चौतीस वर्षं पहाटे उठून त्यांनी पेठेतल्या पाण्याच्या चाव्या फिरवल्या आणि दर उन्हाळ्यात ड्यूटी संपली की पंचगंगेच्या घाटावर पोरांना पोहायला शिकवलं. त्यांचं गाव बिद्रीकडचं. तिथं त्यांच्या वडिलांना विहिरीच्या काठाला उभं राहू देत नव्हते, म्हणून दादासो ओढ्यात शिकले. हे सांगताना ते रडगाणं गात नाहीत. "हिरीत शिकल्यालं पोरगं गोल फिरतंय," एवढंच म्हणतात, "वढ्यात शिकल्यालं सरळ जातंय."

त्यांची शिकवायची पद्धत साधी. पोराच्या कमरेला कासरा बांधायचा, म्हशीला असतो तसा सुती दोर. दुसऱ्या टोकाचे दोन वेढे स्वतःच्या मनगटाला घ्यायचे आणि पायरीवर उभं राहायचं. पोरानं एक हिसका दिला तर ठीक आहे, सैल सोडा. दोन दिले तर ओढा. तिसरा नियम नाही.

मीही त्यांच्याकडंच शिकलो. दुसऱ्याच दिवशी पाण्याखाली डोळे उघडले आणि भेदरलो. सगळा गढूळ अंधार, स्वतःचा हात दिसेना. वर येऊन बोंबललो तर दादासो शांत. "हात हाय तिथंच हाय. दिसंना म्हणून तुटला न्हाय. मार."

पुढं मी त्या नदीसाठी मोर्चे काढले, निवेदनं दिली, दोनदा आत जाऊन आलो. पाणी काही निवळलं नाही. अंगाला खाज सुटायला लागली तशी आयांनी पोरं पाठवणं बंद केलं आणि गेल्या मे महिन्यात घाटावर एकही पोरगं आलं नाही. म्हणून तो सत्कार काढला होता. चाळीस वर्षं लोकांच्या पोरांना पाण्यात सोडलेल्या माणसानं पाण्याखाली स्वतःचा हात कधी धड बघितला नव्हता, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलेलं नव्हतं.

मी कामाला लागलो. मालवणकडचा बाबल तांडेल फोनवर सापडला. दहा माणसांची स्वतंत्र होडी. सकाळी डोळ्यांना काच आणि तोंडात नळी लावून खडकावरचे मासे बघायचे, आणि रात्री खाडीच्या तोंडाशी जायचं. थंडीत तिथलं पाणी हलवलं की निळं चमकतं. बाबलची अट एकच. "काळोख व्हयो. अवसेच्या आसपास येवा."

इथं सगळं अडलं.

धैर्यशीलनं नवी सात सीटची गाडी घेतली होती. चहाच्या टपरीवर त्यानं कपच खाली ठेवला. "अवसंला? गाडीचा हार अजून वाळला न्हाय. अवसंला गगनबावड्याचा घाट उतरवू व्हय?"

"गाडीला तिथी कळते का?"

"गाडीला कळत न्हाय, आईला कळतंय. जा, तू सांग तिला."

फरशीचं दुकान चालवणारा अमरसिंह आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा कारभारी, म्हणून तो सगळ्यांचाच कारभारी. तो म्हणाला, "पुनवंला जाऊ की. चांदणं, समुद्र, होडी. फोटो कसलं येतील."

"अमरसिंह, ते पाणी अंधारातच दिसतं. भरदुपारी भुईनळा लावतोस का तू?"

"माझ्या लग्नात दुपारीच लावल्याला. चांगला दिसला."

टपरी हसली आणि माझं डोकं गेलं. तुमच्या मेंदूत लिंबू-मिरची टांगलीय इथपासून सुरू केलं ते अर्धा तास बोललो. मग ग्रुपमधून बाहेर पडलो आणि घरी गेलो. पाठीमागं त्यांनी पौर्णिमा नक्की केली. आठ विरुद्ध शून्य. नंतर धैर्यशील म्हणाला, "अष्टमीला आलो असतो की. चंद्र मध्यानरातीला उगवतोय. पर तू उठून गेलास." चुलीत घाला ती अष्टमी. बसून राहिलो असतो तर मिळाली असती, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

तणतणत दादासोंकडं गेलो. ते कासऱ्याची गुंडाळी करत बसले होते. म्हणाले, "पुनव तर पुनव. तू कशाला रागाला येतोस?"

आतून त्यांच्या बायकोचा, शेवंताबाईंचा आवाज आला. "पुनवंला विहारात वंदना असती. पोरगी झाली त्या दिवशीसुदीक चुकवली न्हाय ह्यांनी. कुणी इचारलं का?"

"शेवंता, गप ऱ्हा."

मीसुद्धा विचारलं नव्हतं.

जानेवारीतल्या पौर्णिमेला पहाटे दोन गाड्यांतून निघालो. धैर्यशीलच्या गाडीच्या टपाला फ्लेक्स बांधलेला. त्यावर अमरसिंह सगळ्यात मोठा, बाकीचे त्याहून लहान आणि खाली कोपऱ्यात 'जलतरणमहर्षी' दादासो, पासपोर्ट फोटोएवढे. दादासोंच्या पिशवीत एक धोतर, गोळ्यांचं पाकीट आणि कासरा.

"दादासो, समुद्रात म्हसरं धुवायची हायत व्हय?" अमरसिंहनं विचारलं.

"व्हय. आठ घिऊन निघालोय."

किनाऱ्यावर बाबलनं ओळखपत्रं मागितली. यादी अमरसिंहनं भरली होती आणि दादासोंचं वय अठ्ठावन्न टाकलं होतं. आधार कार्डावर अडुसष्ट.

"साठीच्या वरच्यांका मी पाण्यात सोडणय नाय," बाबल म्हणाला. "होडयेत बसांदेत."

मी भांडलो. ह्या माणसानं शेकडो जणांना पोहायला शिकवलंय म्हणालो. तुमच्या नियमाविरुद्ध निवेदन देतो म्हणालो. बाबल दोर सोडता सोडता म्हणाला, "माका कित्याक? समुद्राक द्या." अमरसिंहकडं वळलो तर तो म्हणे, "अठ्ठावन्नच वाटत्यात की. मी कौतुकानं लिवलं."

मग आमच्या मंडळींनी दुसरा तमाशा काढला. आम्ही पंचगंगेतली माणसं, जाकीट घालणार नाही. बाबलनं इंजीनच बंद केलं आणि बिडी पेटवली. लाटांवर होडी डुलायला लागली तशी सकाळची मिसळ सगळ्यांच्या गळ्याशी आली. दोघं ओकले. मग सगळ्यांनी गुमान जाकिटं चढवली.

थोड्या वेळानं अमरसिंह पाण्यातून ओरडला, "दादासो, माझं पाय दिसत्यात. बोटं मोजाय येतंय."

"चांगलं झालं," दादासो म्हणाले. ते कठड्याला टेकून बसले होते, हात मांडीवर. मी उतरलो नाही. ते नाहीत तर मी नाही.

"तू का न्हाय गेलास?"

"तुम्हाला सोडत नाहीत म्हणून."

"येडा हाईस. आता माझ्या वाटणीचं कोण बघणार?"

दिवसभर मी फुगून बसलो.

रात्री नऊला खाडीच्या तोंडाशी नांगर टाकला. चंद्र किनाऱ्यावरच्या माडांवर आलेला, पेपर वाचता येईल इतकं चांदणं. बाबलनं बांबूनं पाणी ढवळलं. काहीतरी फिकट हाललं, ताक सांडल्यासारखं.

"हे?" धैर्यशील म्हणाला. "हे बघाय आलतो व्हय आपुन?"

"मोबाईलमधी निळं दिसतंय, हितं पांढरं," अमरसिंह म्हणाला आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच चंद्र टांगलाय. मग सगळे चंद्राच्या बाजूला जाऊन फोटो काढायला लागले.

दादासो दुसऱ्या बाजूला सरकले. तिकडं होडीची सावली पाण्यावर पडली होती, काळीभोर. त्यांनी वाकून मनगटापर्यंत हात बुडवला आणि पाण्यात बोटं हालवत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "पावणं, हितं खोल किती हाय?"

"छातीभर."

"मला उतरायचंय."

"काकानू, सकाळी सांगितलंय मी."

दादासोंनी वाद घातला नाही. पिशवीतून कासरा काढला, स्वतःच्या कमरेला बांधला आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. बाबल पुढं आला. गाठ चाचपली, जोरात ओढून बघितली, परत ओढली. सरकली नाही.

"ही गाठ किती वर्सां मारतास?"

"चाळीस."

बाबलनं एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा त्यांच्याकडं. "जाकीट घाला. काच लावा. दोन मिन्टां."

मी मनगटाला दोन वेढे घेतले. दादासो शिडीवरून सावलीत उतरले आणि पालथे पडून तरंगायला लागले. वरून मला दिसत होती ती जाकिटाची पाठ आणि पांढरं डोकं. आधी ते हालले नाहीत. मग खांद्यापासून एक हात पुढं गेला, मागं आला. परत पुढं. सावकाश, पोराला दाखवताना करायचे तसं.

"वडा आता," बाबल म्हणाला.

मी ओढलं. तिकडून एक हिसका आला. सैल सोडा.

बाबलनं आणखी थोडं चालवून घेतलं. मग मात्र तो शिडीवर उतरून स्वतःच त्यांना घेऊन आला. तोवर सगळे ह्या बाजूला जमले होते. दादासोंच्या मिशीतून पाणी निथळत होतं. त्यांनी मूठ उघडली, मिटली.

"काय दिसलं?" अमरसिंहनं विचारलं.

"हात."

"आन्?"

"आन् काय? हात. पाची बोटं. हालवलं की पेटत्यात, थांबलं की इझत्यात."

मग सगळ्यांनाच उतरायचं होतं. मी आधी, मी आधी. बाबलनं चढत्या पाण्याकडं बोट दाखवलं आणि नांगर उचलला. होडी वळली, तशी सावलीही वळून गेली.

अमरसिंह माझ्यावर उखडला. "सावलीत बघायचं, हे तुला आधी सांगाय येत नव्हतं व्हय? तीन म्हैनं झालं बोलतोयस, आन् कामाचं तेवढं सांगिटलं न्हाईस."

तीन महिने मी दुसरं काय सांगत होतो? सगळं जिभेवर आलं, टपरी, भुईनळा, अठ्ठावन्न, त्या फ्लेक्ससकट. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात मनगटाला हिसका बसला. दादासोंनी कमरेचा कासरा अजून सोडलेला नव्हता, मी मनगटाचे वेढेही नाही. ते टॉवेल गुंडाळून समोर बसले होते आणि आपल्या हाताकडं बघत होते, माझ्याकडं नाही.

मी दुसऱ्या हिसक्याची वाट बघितली. आला नाही.