देवापुढची वाटी

तेलकट हात मला सहन होत नाहीत. वडा खाल्ला तरी मी दोनदा साबण लावतो. आणि नेमकी माझीच मोटरसायकल खालून ऑइल गाळायला लागली. इंजिनाच्या तळाच्या नटाचं वायसर गेलं होतं. थेंब थेंबच पडायचं, पण सकाळी फरशीवर काळा चिकट डाग, त्यात कुणाचे तरी केस, मेलेले डास आणि पारव्याचं पीस. चहा पिऊन खाली उतरावं आणि हे दिसावं!

माझा मेकॅनिक शहाडच्या पुलाजवळ असतो. तो म्हणाला, "साहेब, नखाएवढं वायसर आहे. एक दिवस गाडी सोडून जा." पण गाडी सोडली तर ठाण्याला ऑफिसला कसं जायचं, म्हणून आज-उद्या करत मी दोन महिने काढले. तोवर घरातली एक पोचे आलेली स्टीलची वाटी इंजिनाखाली ठेवायला लागलो. आपण फार डोकं चालवलं असं तेव्हा वाटलं होतं.

आमची डोंबिवलीतली बिल्डिंग एका आगरी कुटुंबाच्या भातशेतावर उभी आहे. बांधावरचा देव हलवायचा नाही, ही त्यांची बिल्डरला अट होती. त्यामुळे तो शेंदराचा दगड आमच्या पार्किंगमध्येच आहे, एका बुटक्या कट्ट्यावर, माझ्या गाडीला अगदी लागून. त्या घरातली म्हातारी मागच्या गल्लीतून रोज दिवेलागणीला अनवाणी येते आणि दिवा लावते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सकाळी गाडी काढताना मी ती वाटी कट्ट्यावर सरकवून ठेवायचो, कुणाचा पाय लागून सांडायला नको म्हणून. ऑफिसातून आलो की वाटी रिकामी. वॉचमन ओतून टाकत असेल, अशा समजुतीत मी खूश होतो.

हळूहळू देव काळा पडला. शेंदूर दिसेनासा झाला, वर काजळीचा बुळबुळीत थर, त्याला चिकटलेल्या मुंग्या, आणि सगळ्या पार्किंगभर जळका वास. येता-जाता लोक नाकाला रुमाल लावायचे आणि देव काळा पडल्याचं म्हातारीच्या कानावर घालायचे. मीही बायकोला म्हणालो, "देव ठेवायचा तर जरा स्वच्छ ठेवावा की नाही या लोकांनी?" हे वाक्य मी बोललो, हे आठवलं की आजही स्वतःच्या तोंडाची किळस येते.

एका शनिवारी सुट्टी होती; सकाळी भाजीसाठी गाडी काढली तेव्हा वाटी नेहमीसारखी कट्ट्यावर सरकवली होती. संध्याकाळी खाली उतरलो तर म्हातारी कट्ट्याशी बसून डोळे पुसत होती.

"काय झालं, आजी?"

"बाला, देव कालवंडला बग. माजे पोरांनी शेत इकलं, मी आंगठा दिला. त्याचा राग हाय त्याला." मग म्हणाली, "म्हावरं सोरलं मी. तो पयल्यासारका लाल व्हवंपरत त्वांडात घालनार नाय. तरी नाय झाला, तं मग मीच कशाला जगू?"

खाडीकाठी जन्मलेली बाई, तिने मासे सोडले होते. मी काही बोलायच्या आत तिने चाचपडत माझी वाटी उचलली आणि दिव्यात उपडी केली. "कोन तरी पुन्यवान रोज तेल ठेवून जातो रं," ती म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आजी, ते माझ्या गाडीचं घाणेरडं ऑइल आहे, एवढंच बोलायचं होतं. मी म्हणालो, "होईल सगळं नीट." आणि वाटी उचलून वर पळालो.

रविवारी सकाळी शहाडला गेलो. वायसर बसवायला पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दुपारी पार्किंगमध्ये कुणी नसताना रॉकेलचा बोळा घेऊन मी देव घासला. नखांत काजळी, मनगटापर्यंत ओघळ, दोनदा ओकारी आली. मग गोड्या तेलात शेंदूर कालवून लावला. सांगण्यापेक्षा हे सोपं होतं. आता ती पुन्हा मासे खाईल, असा माझा हिशोब होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या गाडीच्या जागेपाशी माझी वाट बघत उभी होती. माझ्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत म्हणाली, "लाल झाला रं देव! त्यानी म्हावरं मागलं, मी दिलं. आता दिलेलं परत कसं घेनार? मरंपरत खानार नाय."

तिच्या बोटांना अजून जळक्या ऑइलचा वास होता. मी ते खोबरं तिच्यासमोर चावून खाल्लं.

आता रविवारी तिच्या घरी बोंबील तळायला लागले की ती वासापासून उठून पार्किंगमध्ये येऊन बसते. वरून मला दिसते. आमच्याकडेही रविवारी बोंबीलच असतात. मी खातो.