सिदिबेबाईचं मागणं

बामाकोच्या सेनू विमानतळावर बाकोरोबा बालो हमाली करायचा. घराणं लोहारांचं, पण भट्टी आजोबांबरोबरच विझली. बाहेर मोटारतळापाशी तेने सिदिबे आल्याचं सरबत विकायची. ती फुलाणी, म्हणजे गुराख्यांची लेक. लोहारांची आणि फुलाण्यांची थट्टेची सोयरीक वाडवडिलांपासूनची. एकमेकांना वाटेल ते बोलावं, राग धरायचा नाही. मात्र समोरच्यानं मनापासून काही मागितलं, तर नाही म्हणायचं नाही.

"काय रे गुलामा, आज मालकिणीला सलाम नाही?"

"मालकीण म्हणे! आधी एक तरी गाय दाखव."

असं रोज चालायचं, आणि दोघांचाही दिवस त्यावर बरा जायचा.

बाकोरोबाचा मुलगा सुंगालो न विचारता लिबियाला पळाला, तिथून समुद्र ओलांडायला. त्याची आई न्येले उशाशी फोन घेऊन वाट बघत राहिली आणि गेल्या वर्षी गेली. बाकोरोबानं त्रिपोलीतल्या एका गाववाल्याबरोबर मुलाला निरोप धाडला. तिकडून फोन नाही, सांत्वनाचा शब्द नाही. तेव्हापासून त्यानं मुलाचं नाव घेणं टाकलं. कुणी समजावायला गेलं, की पाठ फिरवायचा. हट्टी माणूस, काय बोलावं!

मग एके दुपारी लिबियातून परत पाठवलेल्या पोरांचं विमान उतरलं. दारातून बाहेर येणाऱ्यांत सुंगालो होता. बाकोरोबानं त्याला पाहिलं आणि ट्रॉली वळवून सरळ चालू लागला. तेने आडवी आली.

"कुठं निघालास?"

"गिऱ्हाईक थांबलंय."

"थापा मारू नकोस. पोरगा आलाय तुझा."

"मला मुलगा नाही."

तेने हसली नाही. "बालो, मी सिदिबे, तुझ्याकडे मागते. त्याला घरी ने."

बाकोरोबा खवळला. "एवढ्यासाठी मागण्याचा हक्क वापरलास? एखादं मेंढरू मागायचंस."

"मेंढरू मी विकत घेईन."

आता इलाज नव्हता. नाही म्हटलं असतं, तर बालोंच्या कुठल्याही घरात त्याला पाट मिळाला नसता. तो पुटपुटत, पाय आपटत गेला. वर्षभर घोकलेलं सगळं आज ऐकवायचंच, असं त्यानं ठरवलं.

सुंगालो वाळून काडी झाला होता. हातात एक प्लास्टिकची पिशवी, एवढंच सामान. बापाला बघून तो वाकला, आणि मग त्याच्या खांद्यावरून गर्दीत बघू लागला.

"बाबा, आई बाहेर थांबलीये का?"

"कुठं होतास तू?" एवढंच बाकोरोबानं विचारलं.

"तुरुंगात. दोन पावसाळे. फोन पहिल्याच दिवशी काढून घेतला. आई फार रागावलीये का?"

बाकोरोबानं त्याच्या हातातली पिशवी घेतली. त्याला तेनेच्या बाकड्यापर्यंत चालवत आणलं, खाली बसवलं, आणि मग सांगितलं.