मैंदर्गीच्या गल्लीत बंद न केलेली गाडी

हे पोस्ट मी दोन महिने टाळलंय. आधी फोटो निवडायचे राहिलेत म्हणून, मग मोबाइलची स्क्रीन फुटली म्हणून, मग मध्येच माळशिरसला एका दोस्ताच्या शेतातली ऊसतोड बघायला गेलो आणि आठ दिवस तिकडंच राहिलो म्हणून. खरं कारण यातलं एकही नाही. या ट्रिपचे फोटो उघडले की मला ते धड बघवतच नाहीत. पण बऱ्याच जणांनी विचारलंय, सोलापूरहून एका दिवसात गाडीनं कुठं जाता येईल, म्हणून आज बसलोय.

तर, माझी मोठी बहीण, आमची अक्का, अक्कलकोटच्या पुढं मैंदर्गीला दिलीय. तीन वर्षांपूर्वी तिच्या नव्या घराची वास्तुशांती होती. तिथं बाबांचं आणि दाजींचं मानपानावरनं वाजलं आणि बाबा जेवणाच्या पंगतीतून उठून आले. तेव्हापासून आमच्यातलं कुणी तिकडं गेलं नाही, तिकडचं कुणी इकडं आलं नाही. आई आणि अक्का फोनवर बोलायच्या, तेही बाबा बाहेर असतील तेव्हा.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात आईनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "तू नाहीतरी हिंडतच असतोस. एवढं अक्काला देऊन ये. नुसतं देऊन येऊ नको, तिच्या घरात बस, तिच्या हातचं खा. बाबा बार्शीला कामानिमित्त गेलेत, सातपर्यंत यायचे. त्याच्या आत ये." पिशवीत इरकल साडी, खण, नारळ आणि फडक्यात बांधलेल्या शेंगापोळ्या होत्या. बाबांची जुनी पेट्रोल गाडी दारात उभी होती. मी चावी घेतली.

सोलापूर ते अक्कलकोट रस्ता आता मोठा झालाय, आरामात गेलं तरी तासाभरात पोचता. सकाळी लवकर निघा, दोन्ही बाजूंना ज्वारी आणि त्यावर कोवळं ऊन, त्यासाठी तरी. वळसंगला चहा आणि गरम भजी खाल्ली. तिथून सरळ जायचं होतं. पण शेजारच्या बाकावरच्या दोघांचं कुरनूर धरणावर आलेल्या पक्ष्यांबद्दल चाललेलं बोलणं कानावर आलं, आणि मी स्टिअरिंग तिकडं वळवलं. माझं हे असं आहे. कॉलेजही असंच सुटलं, दुसऱ्या वर्षाला, कुठंतरी वळता वळता.

धरण मात्र बघाच. पाणी शांत, कडेला लांब पायांचे पक्षी, माणूस एखादाच. पुढच्या शेतात एकानं हुरड्याला बोलावलं, सोबत शेंगाचटणी. दीड तास गेला. परत येऊन चावी फिरवली तर गाडीतून नुसतं 'टक्' आलं. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्.

भाजीचा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. "काय झालं पावणं?"

"बॅटरी गेली वाटतं."

"केबल हाय का?"

डिकीत जंपर केबल होती. त्यानं लाल चिमटे दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसला लावले, काळ्याचं एक टोक टेम्पोच्या बॅटरीला आणि दुसरं माझ्या इंजिनच्या लोखंडाला. "ह्यो बॅटरीवर लावायचा न्हाय, ठिणगी उडती," म्हणाला. चावी फिरवली आणि गाडी एका झटक्यात चालू.

"बॅटरीच हाय की," तो केबल गुंडाळत म्हणाला. "आता कुटं बंद करू नगा. अक्कलकोटात नवी टाका."

मी मान डोलावली. अक्कलकोटला बॅटरीवाल्याच्या दुकानात पोरगी बसली होती, पप्पा जेवायला गेलेत म्हणाली. अर्धा तास थांबायला पाहिजे होतं. घड्याळात दोन वाजून गेले होते. मी तसाच पुढं निघालो.

अक्काची गल्ली अरुंद आहे, एका वेळी एकच गाडी जाईल एवढी. आईनं फोन केलेला असणार, कारण अक्का दारातच उभी होती, हातात ओवाळायचं ताट, डोक्यावर पदर. दिसायला बारीक झाली होती. तिच्यामागं उंबऱ्याच्या आत दाजी, नवा शर्ट घातलेला, घडीच्या रेघा अजून दिसत होत्या. बाहेर पाय धुवायला पाण्याची बादली काढून ठेवलेली.

"बा तम्मा, ओळग बा," अक्का म्हणाली. ये भावा, आत ये. आमच्या घरात कन्नड आता फक्त लाडात येताना निघते.

मी काच खाली केली. पाय ॲक्सिलेटरवरच, कारण उचलला की इंजिन घरघरायला लागायचं.

"गाडी बंद कर की."

"बंद केली तर चालू व्हायची नाही, अक्का. बॅटरी गेलीय."

"मग नको होऊ दे चालू. राहा की आज."

"बाबा सातला येतात."

मागून एक ट्रॅक्टर आला आणि हॉर्न वाजवायला लागला. मी घाईघाईनं आईची पिशवी खिडकीतून तिच्याकडं दिली. तिच्या उजव्या हातात ताट होतं, म्हणून तिनं ती डाव्या हातानं घेतली. माहेरची साडी डाव्या हातानं. मग वाकून तिनं खिडकीतूनच माझ्या कपाळाला कुंकू लावलं. माझा टी-शर्ट, सीट, सगळीकडं सांडलं. "कोंबडं केलंय रे," एवढं म्हणाली.

उंबऱ्यातून दाजी बोलले, आवाज न चढवता. "जाऊ दे त्याला. त्यांच्याकडं उठून जायची सवयच हाय."

ट्रॅक्टरवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. मी गाडी पुढं काढली.

परत येताना कुठं थांबलो नाही, त्यामुळं खाण्याचं काही सांगता येत नाही. पाचच्या सुमारास सोलापुरात होटगी रोडवर एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडं गाडी नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी चालू गाडीतूनच धरणापासून अक्काच्या गल्लीपर्यंतचं सगळं सांगितलं आणि म्हणालो, बॅटरी बदलायचीय.

"पहले बंद कर," चाचा म्हणाले.

बंद केली. त्यांनी मला हेडलाइट लावून चावी फिरवायला सांगितली. टक्. "लाइट मंद झाली?"

"नाही. तशीच आहे."

"तेच सकाळी बघायला पाहिजे होतंस की. बॅटरी मेली असती तर चावी मारल्यावर लाइटपण मेली असती. हे बघ," असं म्हणत त्यांनी बॉनेटवर बोटानं रेघ ओढली. "चावी फिरवलीस की थोडा करंट स्टार्टरवरच्या सोलेनॉइडला जातो. तो टक् करतो, आत दांडी ढकलून गिअर इंजिनच्या चाकात अडकवतो आणि बॅटरीचा मोठा करंट मोटरला सोडतो. मोटर फिरली की इंजिन फिरतं. तुझं टक् होतंय, म्हणजे हुकूम पोचतोय. मोठा करंट कुठंतरी अडतोय. कुठं, ते शोधायचं."

त्यांनी मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी इंजिनच्या लोखंडाला, आणि परत चावी मारायला लावली. काटा शून्यापाशी थांबायला हवा होता. तो पाच व्होल्टच्या पुढं गेला. चाचा खाली वाकले, इंजिन आणि बॉडीच्या मधली एक पट्टी ओढली आणि ती हातातच आली. हिरवी पडलेली, दोन तारांवर लटकलेली.

"ही अर्थिंग. करंट जातो तसा परतपण यायला लागतो. याच वाटेनं येतो. बॅटरी तर पैलवान आहे तुझी."

"मग टेम्पोच्या केबलनं चालू कशी झाली?"

"काळा चिमटा कुठं लावला होता?"

मी सांगितलं. चाचा हसले. त्या चिमट्यानं पट्टीचं काम केलं होतं, करंटाला परतीची वाट दिली होती. माझ्या डिकीत ती केबल अख्खा दिवस पडून होती. अक्काच्या दारात एक टोक बॅटरीच्या मायनसला, एक इंजिनला लावलं असतं, बस्स. पट्टी दहा मिनिटांत बदलली, चहाच्या चार कपांएवढे पैसे घेतले. गाडीवाल्यांनो, एवढं लक्षात ठेवा: नुसतं टक् आलं की आधी लाइट बघा, मग बॅटरीला दोष द्या.

निघताना चाचा सहज म्हणाले, "आणि केबल नसती तरी काय? गल्लीत चार माणसं नव्हती? धक्का मारला असता तरी चालू झाली असती."

हे मात्र मला माहीत होतं. आमच्या घरासमोर ही गाडी कितीतरी वेळा धक्क्यावर चालू झालीय. मैंदर्गीच्या गल्लीतही डोक्यात आलं होतं. पण तिथं धक्का मारायला पहिले कोण पुढं आले असते तर दाजी, तो नवा शर्ट घालून. तीन वर्षांनी त्यांच्या दारात जायचं आणि बाबांच्या गाडीला धक्का मारा म्हणायचं, हे माझ्या तोंडातून आलं नसतं. आणि त्याच्याही आधी, आत जाऊन त्यांच्यासमोर बसायचं होतं. गाडी बिघडलीय हे मला, खरं सांगतो, जरा सोयीचंच वाटलं होतं.

अक्काला मी त्या हिरव्या पट्टीचा फोटो पाठवला, खाली सगळं लिहून. दोन निळ्या खुणा आल्या. फोन केले, उचलले नाहीत. आईचेही आता उचलत नाही, आणि ते माझ्यामुळं. आईनं फक्त शेंगापोळ्या आवडल्या का तिला, असं एकदा विचारलं, आणि मी हो म्हणालो.

बाबांना यातलं अजून काही माहीत नाही. ते ब्लॉग वाचत नाहीत, पण कुणीतरी वाचून सांगेलच. सांगू दे. जायचं असेल तर तुम्ही जरूर जा, रस्ता चांगला आहे, धरण सुंदर आहे. फक्त कुणाच्या दारात गेलात तर

मध्येच थांबावं लागतंय. आई धावत जिना चढून वर आलीय, श्वास लागलाय तिला. खाली दाजी आलेत, मैंदर्गीहून, एकटेच. बाबा ओट्यावरच बसले होते. बाबांनी आपल्या शेजारची चटई त्यांच्यासाठी झटकलीय म्हणते.