दोमेनिकाची खाणावळ

दोमेनिका पेद्रेत्ती लग्न होऊन इटलीतून पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या त्या सोन्याच्या खाणगावात आली. खाणीतल्या धुळीनं नवऱ्याची छाती पोखरली आणि सहाव्या वर्षी तो गेला. रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. पत्र्याच्या घरातच तिनं खाणावळ काढली. अकरा इटालियन खाणकामगार तिच्याकडे जेवायचे, मागच्या पडवीत झोपायचे. सगळे तिला मावशी म्हणत आणि ती त्यांना पोरं म्हणायची. त्यांतला म्हातारा एर्मेते तिच्याच डोंगराळ गावचा. तो लाकडं फोडून द्यायचा आणि जेवणातल्या मिठावरून रोज भांडायचा.

मंदी आली, कामं आटली, तशी गावात कुजबुज सुरू झाली की हे परके मुकादमाला दारू पाजून आपल्या पोटावर पाय आणतात. जानेवारीत, तिकडच्या कडक उन्हाळ्यात, एका गुत्त्यात मारामारी झाली. इटालियन माणसाच्या ठोशानं एक ऑस्ट्रेलियन खाणकामगार कोसळला, डोकं फुटून मेला. त्याला पुरून लोक परतले ते गुत्त्यात शिरले आणि संध्याकाळी इटालियन वस्तीवर चालून आले.

शेजारची हॅना धावत आली. "दोमेनिका, पळ गं! चर्चपाशी दुकानं पेटवलीत."

"चूल पेटलीय माझी. पोरं उपाशी आहेत."

"अगं, जीव राहिला तर जेवतील!"

दोमेनिकानं पोरांना मागच्या दारानं रानाकडे पिटाळलं. एर्मेते मात्र हलेना. "मावशी, तुला एकटीला टाकून जाऊ? तुझं अळणी जेवण कोण खाणार मग?" असं म्हणून तो कुऱ्हाड घेऊन दारात उभा राहिला.

दगडांनी पत्रा दणाणला. लोखंडी कांबीचा पहिलाच घाव एर्मेतेच्या कानशिलावर बसला. तो उंबऱ्यावर पडला, तरी लाथा थांबेनात. तेवढ्यात एकजण पेटता बोळा घेऊन खिडकीतून आत चढू लागला. दोमेनिकानं त्याला ओळखलं. जॅक रिऑर्डन. खाणीत त्याचा पाय मोडला तेव्हा महिनाभर तिनंच त्याच्या घरी डबा पोचवला होता.

"जॅक, तू?"

त्यानं मान वळवली. "बाजूला हो, परदेशी बये!"

चुलीवर मक्याची लापशी रटरटत होती. तिनं पातेलं उचललं आणि त्याच्या तोंडावर ओतलं. तो किंचाळत बाहेर पडला. पाठोपाठ कुणीतरी खाणीतला सुरुंग भिरकावला. घराची समोरची भिंत उडाली.

धुरळ्यात लोक मागे हटले, तेवढ्यात ती एर्मेतेला बगलेत धरून ओढत रानात घेऊन गेली. दोन दिवस झुडपांच्या सावलीत सगळे लपून राहिले. पाणी हॅना आणायची. दुसऱ्या दुपारी एर्मेतेनं एकदा डोळे उघडले, कुणालाच ओळखलं नाही, आणि गेला. पोरांनी हातांनी लाल माती उकरली.

जॅकवरच्या खटल्यात त्याच्या वकिलानं तिला विचारलं, "बाई, उकळती लापशी माणसाच्या तोंडावर ओतली, हे खरं?"

"खरं," ती म्हणाली. "एका पातेल्यापुरतीच होती. नाहीतर आणखी चौघांना वाढली असती."

जॅकला सहा महिन्यांची कैद झाली. एर्मेतेला कुणी मारलं ते ठरलंच नाही. कांब कुणाच्या हातात होती हे तिनं पाहिलं होतं, पण त्या माणसाचं नाव तिला ठाऊक नव्हतं. पुढे वर्षानुवर्षं बाजारात जाताना ती समोरून येणाऱ्या प्रत्येक पुरुषाचा चेहरा निरखायची. तो तिला पुन्हा दिसला नाही.