पुनवेची भरलेली चिंबोरी

मला बघायला पाहुणे आले तो दिवस नेमका पुनवेचा. मला काळजी मुलगा कसा असेल याची, आईला काळजी चिंबोऱ्यांची, पाहुण्यांना वाढायच्या खेकड्यांची. अवसेच्या चिंबोऱ्या भरलेल्या, पुनवेच्या पोकळ, हे आमच्या कोळीवाड्यात शेंबडं पोरही सांगेल. पोकळ चिंबोऱ्या वाढणाऱ्या घरची मुलगी कोण करून घेणार, ही आईची धास्ती. त्यातून चिंबोरी नुसती हातात तोलून भरलेली की पोकळ हे सांगण्यात तिचा हात धरणारं काशीदपर्यंत कुणी नाही, अशी तिची ख्याती. ती पसरवणारी मुख्यतः तीच.

सकाळी मी गावामागच्या तळ्यावर टोपली धुवायला गेले. पाणी आटून काठाचा चिखल उघडा पडला होता. त्यात एक चिंबोरी दिसली, नांग्या पोटाशी घेऊन गप्प बसलेली. बांधापलीकडे खाडी, तिथून एखादी यायचीच. उन्हाने सुस्तावली असेल म्हणून उचलली, तर हाताला चांगली जड! मी आईचीच लेक. चिखलासकट टोपलीत टाकली आणि खुशीत घरी आले.

मुलाची आई थेट चुलीपाशी येऊन बसली. आईने तिच्यादेखत एकेक चिंबोरी तोलली. तोंड उतरत चाललं. मग ही हातात आली.

“ही बगा बाय, पुनवेची असून कशी भरलेली हाय!”

पाहुणीनेही तोलली, उलटी करून पाहिली. “व्हय की! आन् मादी हाय. एवढी भरलेली आमच्याकडं बी मिलत न्हाय.”

आई नांगी मोडायला गेली. मोडेना. पाहुणीने जोर लावला, तरी हलेना. शेवटी आईने वरवंटा हाणला. खण्ण आवाज झाला आणि कपची उडाली. चिखल धुतला, तर पाय, नांग्या, पोटावरचं रुंद झाकण, सगळं चिंबोरीचं, पण सगळा दगड!

आई पांढरीफटक पडली. संपलं लग्न! पाहुणीने बाहेर बसलेल्या पुरुषांकडे नजर टाकली, पदर तोंडात कोंबला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “बाय, आपन दोगी बी सारक्याच. भायेर बोलू नको.” झाकली मूठ सव्वा लाखाची. दुपारी सुपारी फुटली.

मी तो दगड पेटीत घालून सासरी नेला. नवऱ्याला सांगितल्यावाचून राहवेना. तो लाँचने मुंबईला नोकरीला जायचा. त्याने तिथल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या मास्तरांना दगड दाखवला. ते म्हणाले, जीवाश्म आहे. खरीखुरी चिंबोरी, हजारो वर्षांपूर्वी गाळात गाडली जाऊन दगड झालेली. तळ्याच्या जागी तेव्हा खाडीच असणार. आणि हो, मादी आहे. सासूबाईंनी एवढं शेवटचंच ऐकलं आणि दगड चुलीवरच्या फळीवर मांडला.

पुढे एकदा मी घरभर माणसं जेवायला असताना कालवण खारट करून ठेवलं. मान वर करायची हिंमत होईना. डोळे भरून आले. सासूबाईंनी फळीवरची चिंबोरी काढली आणि माझ्या हातात दिली.

“आमी दोगी जानत्या बाया ही शिजवायला बसलो व्हतो,” त्या म्हणाल्या. “तुजं तं नुसतं मीठ जास्त झालंय.”

मला त्या घराची भीती परत कधी वाटली नाही.